आमच्या कादंबरीतला गुन्हा कोणता?

(कामोठे येथे महिला गटांच्या लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'एम.एस.डब्ल्यू.' असे छापले आहे आणि खाली विषय दिला आहे, 'रहस्यकादंबरीसाठी मध्यवर्ती गुन्ह्याची निवड'. आमच्या सासूबाईंनी ती पत्रिका वाचली आणि विचारले, "हे तुमच्या कॉलेजात शिकवत होते?" नव्हते. तिथे केस कशी लिहायची हे शिकवत होते, कादंबरी नाही. तरी मी इथे उभी आहे, कारण गेले वर्षभर आम्ही अकराजणी मिळून एक रहस्यकादंबरी लिहितो आहोत. अजून पूर्ण झालेली नाही. पहिले चार महिने तर गुन्हा कोणता घ्यायचा यावरच गेले. त्या चार महिन्यांबद्दलच मी बोलणार आहे.

आमचा गट मुळात भिशीचा. भिशीच्या दिवशी पुस्तकांची अदलाबदल सुरू झाली, मग वाचन सुरू झाले. निम्म्या जणी घाटावरून, सातारा-सांगलीकडून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या. दोघी मूळ कामोठे गावातल्या आगरी समाजाच्या. बाकी चाळीतून, नेरूळ-वाशीतून परवडणाऱ्या घरासाठी इकडे सरकलेल्या. रहस्यकथा सगळ्यांनाच आवडतात, म्हणून लिहायचे ठरल्यावर प्रकारावर वाद झाला नाही. वाद झाला गुन्ह्यावर. एकीने सुचवले, खाडीकाठच्या खारफुटीत प्रेत सापडते. दुसरी म्हणाली, भिशीचे पैसे घेऊन बाई पळून जाते. तिसरीने सोसायटीच्या पाण्याच्या टँकरमध्ये विष कालवले. (उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईलाच हे सुचणार!) चौथी हळूच म्हणाली, "आपल्या शेजारचीच ती कळंबोलीची केस घेऊ या की." आणि मग सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. तू समुपदेशन केंद्रात काम करतेस, तुला गुन्हे माहीत, तू सांग.

मी आधी वाचायला बसले. माझ्या आईने फिरत्या वाचनालयातून आणलेले बाबुराव अर्नाळकर मी लहानपणी चोरून वाचले होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. झुंजार, काळापहाड ही नावे आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या पुस्तकांनी मराठी घरातल्या किती बायकांना दुपारी अर्धा तास स्वतःचा मिळवून दिला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. तेव्हा त्यांना नावे ठेवायला मी आलेली नाही. पण या वेळी वाचताना एक गोष्ट लक्षात आली. या कथांमधला गुन्हा हा गुन्हा आहे याबद्दल कुणाचेच दुमत नसते. तिजोरी फुटली, वारसदाराचा खून झाला, मुलगी पळवली. पोलीस, गुन्हेगार, वाचक, शेजारी सगळे एकमताने म्हणतात की गुन्हा झाला. प्रश्न एवढाच उरतो, केला कुणी?

आपल्या केंद्रात उलटे असते. कुणी केले हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. बाईच सांगते. तिची आईही सांगते. कित्येकदा करणारा माणूस समोर बसून स्वतःच सांगतो, त्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. प्रश्न असतो तो हा, की याला गुन्हा म्हणायचे का? हवालदार म्हणतो घरगुती मामला, जमातीची माणसे म्हणतात भांड्याला भांडे लागते, बाई स्वतः म्हणते, "ताई, मारत नाहीत हो, नुसतं घराबाहेर उभं करतात." म्हणजे आपल्याकडे रहस्य शेवटी उलगडत नाही, ते सुरुवातीलाच अडून बसते. हे गटात बोलले तेव्हा एकजण म्हणाली, "मग तेच लिहू." बोलायला सोपे आहे. दोनशे पानांची कादंबरी त्यावर पुढे कशी ढकलायची, हे काही तिने सांगितले नाही.

अगाथा ख्रिस्तीचे उदाहरण मला इथे उपयोगी पडले. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषध विभागात काम करत होती. कुठल्या बाटलीत काय, किती घेतले की माणूस बरा होतो आणि किती घेतले की मरतो, हे तिला रोजच्या कामातून माहीत झाले. १९२० साली तिची पहिली कादंबरी आली, तिच्यात स्ट्रिक्नीनने झालेला खून आहे. पुढेही तिने बंदुकीपेक्षा विषाचा आधार अधिक घेतला. म्हणजे तिने गुन्हा आकाशातून आणला नाही, हाताशी असलेल्या कपाटातून काढला. मग आमचे कपाट कोणते? आम्ही प्रत्येकीने आपल्याला कशातले बारकावे माहीत आहेत ते कागदावर लिहून आणले. एकीला मेसच्या डब्यांचा हिशेब. एकीला रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतले कागद. एकीला मानसरोवर स्टेशनवरून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमधला बायकांचा डबा, कोण कुठे बसते, कोण कधीपासून दिसत नाही.

मी लिहिले: कागद. कारण माझ्या कामात गुन्ह्याचा जन्म कागदावर होतो. बाई ठाण्यात गेली की तिचे बोलणे कुठल्या वहीत उतरते यावर पुढचे सगळे ठरते. अदखलपात्र म्हणून नोंद झाली, तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करणार नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली स्पष्ट सांगितले. तरी आजही बाई हातात अदखलपात्राची पावती घेऊन येते आणि 'एफ.आय.आर. झाला' असे समजून निश्चिंत असते. बाई मेली तर 'अकस्मात मृत्यू' ही वेगळी नोंद होते. लग्नाला सात वर्षे झाली नसतील तर चौकशी आणि शवविच्छेदनाचे नियम कडक होतात. मरण्याआधी तिचा जबाब कुणी घेतला, ती शुद्धीवर असल्याचे डॉक्टरने लिहिले का, आणि तेव्हा खोलीत सासू उभी होती का, या तीन गोष्टींवर खटला उभा राहतो किंवा पडतो. वाचकाला हे सगळे रहस्यासारखेच वाटेल, कारण ते आहेच.

मग मी गटासमोर पुण्याची मंजुश्री सारडाची केस मांडली. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना ती पाठ आहे, तरुण मुलींना नावही माहीत नसते. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झाले. जून १९८२ मध्ये, चारच महिन्यांनी, सासरच्या घरात तिचा मृतदेह सापडला. कारण, पोटॅशियम सायनाइड. तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहिली होती, त्यांतून तिची अवस्था दिसत होती. पत्रे पुराव्यात आली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. विष त्याच्याकडे होते हे सिद्ध झाले नाही, आणि तिने स्वतः घेतले असण्याची शक्यता निर्णायकपणे नाकारता आली नाही. परिस्थितीजन्य पुरावा कसा पारखावा याची पाच सूत्रे त्या निकालात आहेत, न्यायालयाने त्यांना 'पंचशील' म्हटले. आजही देशभरातले खटले त्या सूत्रांवर तोलले जातात.

रहस्यकथेला यापेक्षा आणखी काय हवे? विष, पत्रे, नवी नवरी, एका रात्रीतला मृत्यू. गटातल्या दोघी तर ऐकता ऐकता विष कुठून आले असेल याची कोडी घालू लागल्या. मी त्यांना थांबवले नाही. मलाही तोच मोह झाला होता. पण निकाल पुन्हा वाचताना मन दोन्हीकडे ओढले गेले, ते तुमच्यापासून लपवत नाही. चळवळीत आल्यावर या निकालाबद्दल मी फक्त चीड ऐकली होती. ती चीड खरी होती. पण शंकेचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे हे सूत्र मी सोडून देऊ शकत नाही. झोपडपट्टीतल्या ज्या पोरांना उगाच आत टाकतात, त्यांच्या आयांना मी त्याच सूत्राच्या भरवशावर धीर देते. मग मंजुश्रीचे काय? माझे उत्तर असे आहे की आपण चुकीच्या रात्रीकडे बघतो. ती रात्र कोडे आहे आणि कदाचित कोडेच राहील. आधीचे चार महिने कोडे नव्हते, ते पत्रांत लिहिलेले होते. पण त्या चार महिन्यांना तेव्हा कायद्यात धड नाव नव्हते. छळाचे कलम, ४९८-अ, आले १९८३ साली. हुंडाबळीचे ३०४-ब आले १९८६ साली. आता नव्या न्याय संहितेत आकडे बदलले आहेत, पण कलमे तीच आहेत. म्हणजे ज्या गुन्ह्याला नाव नव्हते त्याचा खटला चाललाच नाही, आणि ज्याला नाव होते तो सिद्ध झाला नाही. रहस्यकादंबरीत मध्यवर्ती गुन्हा निवडणे म्हणजे कुठल्या रात्रीपासून गोष्ट मोजायची ते ठरवणे, एवढे मला त्यातून समजले.

आता कळंबोलीची केस. तुम्हाला माहीतच आहे. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. घरच्यांची तक्रार त्या जुलैमधली. गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ संपत आला. त्यांच्याच खात्यातला पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. प्रेत सापडले नाही, आजपर्यंत नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. निकालाच्या दिवसांत इथल्या बायका रिक्षात, भाजीच्या गाडीवर त्याबद्दलच बोलत होत्या. गटातल्या बहुतेकींचे मत पडले की हीच घ्यावी. खून करणारा पोलीस, मरणारी पोलीस, प्रेत नाही. कल्पनेने रचले असते तर 'अतिरंजित' म्हटले असते.

मी विरोध केला. घरच्यांनी नऊ वर्षे काढली आहेत, मागे एक मुलगी आहे. ती मोठी होऊन वाचनालयात आमचे पुस्तक उघडील तेव्हा तिला त्यात आईचे काय सापडेल? आम्ही कल्पनेने भरलेल्या फटी. शिवाय ज्या माणसाने ते केले त्याच्या डोक्यात शिरून लिहायची हौस सगळ्यांनाच असते, मरणाऱ्या बाईच्या नोकरीचा साधा दिवस लिहायची कुणाला नसते. मात्र एक गोष्ट मी तिथून उचलली, ती म्हणजे एप्रिल ते जानेवारी हे अंतर. स्वतः खात्यात अधिकारी असलेल्या बाईच्या नाहीशा होण्याचा गुन्हा व्हायला एवढा काळ लागतो. आमच्या कादंबरीत काहीही असो, ते अंतर असले पाहिजे असे मी म्हटले आणि ते मान्य झाले.

मी एवढी हट्टाने का बोलले, त्याला कारण होते. ते गटात सांगितले होते, इथेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका अंकासाठी केंद्रातल्या एका बाईची हकिकत लिहिली. नाव बदलले, गाव बदलले, मुलांची संख्या बदलली. पण तिच्या छळात एक वस्तू होती, रोजच्या वापरातली, आणि नवरा त्या वस्तूचे जे करायचा ते इतके विलक्षण होते की मला ते सोडवले नाही. लेखिका म्हणून हात शिवशिवले म्हणा. अंक फिरत फिरत तिच्या जावेकडे पोचला. पुढे काय झाले ते तुम्ही ओळखाल. ती बाई केंद्रात आली, रागावली नाही, नुसती म्हणाली, "ताई, नाव बदललंत, पण ती वस्तू तशीच ठेवलीत." ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. वस्तू कोणती, हे मी आज सांगणार नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करायला १९८३ पासून कायद्याने बंदी आहे. बाकीच्या हकिकतींना तसले कुंपण नाही, तिथे आपणच कुंपण. तेव्हापासून माझा नियम असा: केस उचलायची नाही, गुन्हा उचलायचा. शंभरजणींच्या बाबतीत जो एकाच रीतीने घडतो, तो.

असा गुन्हा आम्हाला शेवटी घराजवळच मिळाला. कामोठे, कळंबोली, खांदेश्वर ही सगळी जमीन नवी मुंबईसाठी संपादन झालेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-न्हावाशेव्याकडे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाचजण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज इथल्या निम्म्या इमारती त्या भूखंडांवर उभ्या आहेत. आपण ज्या फ्लॅटमध्ये राहतो त्याच्या खाली कुणाची तरी भातखाचरे आहेत. ती ज्याच्या नावावर होती तो बाप मेला, वारस लागले. १९५६ च्या कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहेच. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही तिला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्राने सर्व मुलींना दिला. कायदा पुढे सरकत गेला तसे घरोघरी एका कागदाचे महत्त्व वाढत गेले: बहिणींचे हक्कसोडपत्र.

आता रहस्यकथा बघा. एक बहीण लग्न होऊन लांब गेलेली. भूखंड मंजूर होतो, बिल्डरशी करार होतो, इमारत उभी राहते. वीस वर्षांनी तिची मुलगी कागद काढते. हक्कसोडपत्रावर आईचा अंगठा आहे, तारीख आहे, दोन साक्षीदार आहेत, 'ही तीच बाई, आम्ही हिला ओळखतो' असे म्हणणारे दोघे आहेत. आणि त्या तारखेला आई बाळंतपणासाठी दुसऱ्या जिल्ह्यात इस्पितळात होती, त्याचे कार्ड मुलीपाशी आहे, कारण ते बाळंतपण तिचेच. मग दुय्यम निबंधकांच्या टेबलापुढे डोईवर पदर घेऊन उभी राहिलेली ती बाई कोण? दस्तावर फोटो लागत नव्हते त्या काळातली गोष्ट. आमचे पहिले प्रकरण त्या प्रश्नावर संपते.

गटात उत्साह संचारला. एकीने लगेच विचारले, "पण खून कुठाय?" त्यावर बरीच ओढाताण झाली. खुनाशिवाय वाचक पान उलटणार नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि ते अगदीच खोटे नाही. मी म्हटले, खून हवाच असेल तर शेवटी बघू, पण तो या कागदासाठी झालेला असेल, कागद खुनासाठी आणायचा नाही. तपास कोण करणार यावर मात्र पाच मिनिटांत एकमत झाले. ती मुलगीच करणार. तलाठ्याकडून फेरफार काढणार, निबंधक कचेरीतून दस्ताची नक्कल मागणार, आणि प्रत्येक खिडकीवर 'उद्या या' ऐकणार.

मग आमच्यातल्या मूळ गावातल्या एक मावशी बोलल्या. साठीच्या पुढच्या. गटात त्या वाचत नाहीत, ऐकतात. हे इथे सांगायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "तोतया बाई कशाला लागते? माझे नणंदेला कचेरीत मीच घेऊन गेलते. रिक्षाचं भाडं पन मीच दिलं. तिनं सही केली, मी तिला साडी घेतली. पोरीचे लग्नाला भाऊ उभा राहील, मी सांगितलं तिला." कुणी काही बोलेना. मी समाजकार्याची बाई, पण मलाही सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, "नाय राहिला उभा. आता सांग ताई, हा गुन्हा का नाय?"

कायद्याने विचाराल तर उत्तर असे: समजून उमजून, जबरदस्तीशिवाय सही केली असेल तर गुन्हा नाही. फसवणूक सिद्ध करायची तर वचन देतानाच ते मोडायचा हेतू होता हे दाखवावे लागेल. मी मावशींना तेच सांगितले. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेले दिसले नाही. माझेही झालेले नव्हते. त्या शनिवारी चहा तसाच थंड झाला. घाटावरच्या दोघीजणी आपापल्या माहेरच्या सह्यांबद्दल बोलू लागल्या. एकीने केलेली, एकीने करून घेतलेली.

आम्ही पहिले प्रकरण फाडले नाही. तोतया बाई आहे, तिला काढायला कुणी तयार नाही, कारण तिच्यामुळे पान उलटते. पण ती कुणाच्या सांगण्यावरून उभी राहिली हे आता बदलले आहे. पूर्वी तो मामा होता, आता मामी आहे. तिच्या तोंडची तीन प्रकरणे मावशी सांगतात आणि आम्ही उतरवून घेतो. आपली जी गोष्ट आहे ती तशीच ठेवायची नाही, हा नियम त्यांना मी समजावला. त्यांनी विचारले, "साडीचा रंग बदलला तर चालंल?" मी म्हटले, मावशी, साडीच बदला. दोन आठवडे विचार करून त्यांनी साडीच्या जागी काय घातले आहे ते तुम्ही कादंबरीत वाचा. मामीला शेवटी शिक्षा व्हावी की नाही, यावर आमच्यात सहा विरुद्ध पाच मते आहेत. मावशी शिक्षा व्हावी म्हणणाऱ्या सहांत आहेत, मी पाचांत. येत्या शनिवारी पुन्हा बसतो आहोत. कुणाला यायचे असेल तर चार वाजता समाजमंदिरात या, आपापली कागदपत्रे बरोबर आणलीत तरी चालेल.